व्यवस्थेचा विलंब : ब्रॉडबँडच्या व्याख्येत लेटन्सीला स्थान का हवे

ब्रॉडबँड कशाला म्हणावे हे भारत सरकारने २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात प्रथम ठरवले, तेव्हा किमान वेगाची अट प्रतिसेकंद २५६ किलोबिट होती. २०१३ मध्ये ती ५१२ किलोबिटवर गेली आणि जानेवारी २०२३ मध्ये दूरसंचार विभागाच्या अधिसूचनेने २ मेगाबिटवर नेण्यात आली. एकोणीस वर्षांत आकडा सुमारे आठपट झाला, पण मोजपट्टी बदलली नाही. विशेष म्हणजे, ज्या जोडणीवरून संवादी सेवा चालू शकतात ती ब्रॉडबँड, असे हीच व्याख्या आरंभी सांगते आणि लगेच पुढे केवळ डाउनलोडच्या वेगाची अट घालते. एका बाजूने विचारलेल्या गोष्टीला दुसऱ्या बाजूकडून वेळेत उत्तर येणे हा संवादाचा प्राण असतो, आणि ते उत्तर किती वेळात यावे याविषयी व्याख्येत एक अक्षरही नाही. व्याख्येने दिलेले वचन आणि तिने लावलेली कसोटी यांच्यातील ही फट बुजवायची असेल तर वेगाच्या शेजारी विलंबाची कमाल मर्यादा लिहावी लागेल, असे प्रतिपादन या लेखात केले आहे.

विलंब, म्हणजेच तंत्रज्ञ ज्याला लेटन्सी म्हणतात तो, मोजण्याची रीत सोपी आहे. संगणक किंवा मोबाइल जी माहिती पाठवतो ती पॅकेट नावाच्या लहान तुकड्यांत विभागली जाते. असा एक तुकडा घरातून निघून पलीकडच्या सर्व्हरपर्यंत पोहोचण्यास आणि त्याचे उत्तर परत येण्यास लागणारा एकूण वेळ म्हणजे फेरीचा विलंब, आणि तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. हा विलंब एका पॅकेटला २० आणि पुढच्याला २०० मिलिसेकंद असा खालीवर होत राहिला तर त्या चढउताराला जिटर म्हणतात. वेग आणि विलंब या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत हे पुणे–लोणावळा लोकलने ये-जा करणाऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही : गाडीला डबे वाढवले तर एका फेरीत माणसे जास्त जातात, पण दोन गाड्यांमधला फलाटावर उभे राहण्याचा वेळ त्यामुळे कमी होत नाही. इंटरनेटच्या जाहिरातींत मेगाबिटचे जे आकडे मोठ्या अक्षरांत छापले जातात ते डब्यांचे असतात.

ही वाट पाहणे किरकोळ नाही, कारण इंटरनेटवरचे बहुतेक व्यवहार एका फेरीत पुरे होत नाहीत. एखादे संकेतस्थळ उघडायचे तर प्रथम त्याचा पत्ता शोधावा लागतो, मग जोडणी जुळवावी लागते, मग ती कूटबद्ध करावी लागते, आणि त्यानंतर मजकूर मागवला की त्या मजकुरातून आणखी वीसतीस गोष्टी मागवाव्या लागतात. यातील कित्येक पायऱ्या आधीची पायरी संपल्याशिवाय सुरू होत नाहीत, म्हणून फेरीचा विलंब पुनःपुन्हा मोजला जातो. गूगलमध्ये काम करणाऱ्या माइक बेल्शी यांनी २०१० मध्ये मांडलेल्या प्रयोगात असे दिसले की, जोडणीचा वेग ५ वरून १० मेगाबिट केला तरी पान उघडण्याचा वेळ जेमतेम पाच टक्क्यांनी घटतो, मात्र फेरीचा विलंब जसजसा कमी करावा तसतसा तो वेळ त्याच प्रमाणात घटत जातो. खुद्द वेगही विलंबावर अवलंबून असतो. पोच येण्यापूर्वी ६४ किलोबाइटच माहिती पाठवण्याची मुभा असलेल्या जुन्या पद्धतीच्या जोडणीत विलंब १०० मिलिसेकंद असेल, तर ग्राहकाने कितीही मोठा प्लॅन घेतला तरी त्या प्रवाहाचा वेग प्रतिसेकंद सव्वापाच मेगाबिटपलीकडे जात नाही; विलंब २० मिलिसेकंदांवर आला की तोच प्रवाह सव्वीस मेगाबिटपर्यंत पोहोचतो. प्रत्यक्ष संभाषणाच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीने एका दिशेचा १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब बहुतेक वापरांसाठी चालण्याजोगा मानला असून ४०० मिलिसेकंद ही नियोजनाची बाह्य मर्यादा ठरवली आहे. यापलीकडे दोन माणसे एकाच वेळी बोलू लागतात, मग दोघेही थांबतात आणि संभाषणाची लय मोडते.

विलंब कमी करणे माणसाच्या हातात कितपत आहे, हा प्रश्न धोरणाच्या दृष्टीने निर्णायक आहे, आणि त्याचे उत्तर जागेनुसार बदलते. देहूरोड आणि घोरावाडी या स्थानकांच्या दरम्यान असलेले बेगडेवाडी या दृष्टीने तपासण्याजोगे ठिकाण आहे, कारण पुणे आणि मुंबई यांच्यामधील देशातील अत्यंत गजबजलेल्या दळणवळण-पट्ट्यावर ते वसलेले आहे. लोहमार्गाने येथून मुंबई सुमारे १६० किलोमीटर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे बेगडेवाडीहून मुंबईला जाऊन परत येण्यास त्याला सुमारे १.६ मिलिसेकंद लागतात. तंतूचा मार्ग वळणावळणाने दुप्पट लांब धरला तरी हा आकडा साडेतीन मिलिसेकंदांच्या आतच राहतो. भारताला जगाशी जोडणाऱ्या अनेक समुद्री केबल मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात, मोठी डेटा सेंटर मुंबई आणि नवी मुंबईत आहेत, आणि निक्सी ही २००३ मध्ये स्थापन झालेली इंटरनेट विनिमय संस्थाही मुंबईत आपले केंद्र चालवते. तेव्हा या मावळ भागातील एखाद्या घरातून मुंबईच्या सर्व्हरकडे गेलेले पॅकेट ऐंशी किंवा दोनशे मिलिसेकंदांनी परत येत असेल, तर त्यातील फार थोडा भाग अंतराचा असतो आणि उरलेला सगळा व्यवस्थेचा.

अंतराचा विलंब आणि व्यवस्थेचा विलंब हा भेद पुणे जिल्ह्याच्या दळणवळणाच्या इतिहासातही दिसतो. २३ जुलै १९२७ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यातील बिनतारी तारसेवेचे उद्घाटन झाले तेव्हा तिची केंद्रे खडकी आणि दौंड येथे होती. पुढे जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झाले आणि परदेशी दूरध्वनीचा मोठा भार त्याने वाहिला. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो, म्हणून आवाज वर जाऊन खाली येण्यासच सुमारे २४० मिलिसेकंद लागत आणि प्रश्न विचारून उत्तर ऐकेपर्यंत अर्धा सेकंद सरे. परदेशातील मुलाशी फोनवर बोलताना आपले वाक्य संपवून क्षणभर थांबण्याची सवय त्या पिढीने याच कारणाने लावून घेतली होती. तो विलंब निसर्गनियमाचा होता, म्हणून कोणाला जाब विचारण्याचा प्रश्न नव्हता. आज माणसांना सहन करावा लागणारा विलंब मात्र बहुतांशी नियोजनातून, काटकसरीतून किंवा दुर्लक्षातून येतो, म्हणून त्याला उत्तरदायी कोण हे विचारता येते आणि विचारले पाहिजे.

या व्यवस्थाजन्य विलंबाची तीन मुख्य कारणे आहेत, आणि त्यातील पहिले घराच्या भिंतीवर टांगलेल्या मोडेममध्येच सापडते. बाहेर जाण्यासाठी आलेली पॅकेट मार्ग मोकळा होईपर्यंत ज्या स्मृतीत रांगेत उभी राहतात तिला बफर म्हणतात. स्मृती स्वस्त झाली तसे उत्पादकांनी एकही पॅकेट गळू नये या हेतूने बफर मोठे केले, आणि त्याचा परिणाम असा झाला की पॅकेट गळत नाहीत पण खोळंबतात. वर जाणाऱ्या दिशेने प्रतिसेकंद २ मेगाबिट मिळणारी एक जोडणी घ्यावी आणि तिच्या मोडेममध्ये २५६ किलोबाइटचा बफर आहे असे धरावे. संध्याकाळी घरातील एका मोबाइलने दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ आपोआप साठवणीला पाठवण्यास सुरुवात केली की हा बफर काठोकाठ भरतो, आणि तो रिकामा होण्यास एक पूर्ण सेकंद लागतो. त्याच वेळी शेजारच्या खोलीत कोणी ऑनलाइन तोंडी परीक्षा देत असेल, तर त्या विद्यार्थ्याच्या आवाजाचे प्रत्येक पॅकेट या रांगेच्या शेपटाला उभे राहते आणि घराबाहेर पडण्यापूर्वीच एक सेकंद गमावते. तेवढ्या वेळात तंतूतील प्रकाशाने पृथ्वीला पाच प्रदक्षिणा घातल्या असत्या. परीक्षकाला विद्यार्थी अडखळतो आहे असे वाटते, घरात ‘नेट स्लो आहे’ असे म्हटले जाते, आणि वेग तपासणारे ॲप मात्र जोडणी नियमानुसार असल्याचा निर्वाळा देते. अभियंते या दोषाला बफरब्लोट, म्हणजे बफरची सूज, म्हणतात. त्यावरचा उपायही जुना आहे : कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही रांग आटोक्यात ठेवणारी पद्धत मांडली आणि प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देणारे तिचे सुधारित रूप २०१८ मध्ये खुला दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाले. लिनक्समध्ये ती फुकट उपलब्ध आहे. ती मोडेममध्ये बसवण्यास कोणताही नियम आज भाग पाडत नाही, एवढाच तिच्या मार्गातील अडसर आहे.

दुसरे कारण मार्गाचे. एका गल्लीतील दोन घरांनी दोन वेगळ्या कंपन्यांची जोडणी घेतली असेल आणि त्या कंपन्यांनी आपली जाळी जवळपास कोठे, एखाद्या विनिमय केंद्रात, एकमेकांना जोडलेली नसतील, तर एका घरातून समोरच्या घरी जाणारे पॅकेट मुंबईला, आणि त्यांचे तेथेही जुळत नसेल तर आणखी दूरच्या शहरात जाऊन परत येते. जाळी कोठे जोडायची हा कंपन्यांचा व्यापारी निर्णय असतो, आणि त्यातून वाढलेल्या अंतराचा भार ग्राहकाच्या वेळेवर पडतो.

तिसरे कारण जाळ्याच्या घडणीचे आहे आणि मावळात ते पावसाळ्याबरोबर ठळक होते. पवन मावळ, आंदर मावळ आणि नाणे मावळ या खोऱ्यांत डोंगराच्या कडेने एकच रस्ता आणि त्या रस्त्यालगत एकच तंतू अशी स्थिती असते. रस्तारुंदीकरणाच्या जेसीबीने किंवा खचलेल्या दरडीने तो तोडला की वाहतूक बंद पडते किंवा मोबाइल मनोऱ्यांवरील अरुंद रेडिओ दुव्यांवर वळते आणि तेथे रांगा लागतात. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेत ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेताना मुख्यतः अशीच एकेरी रचना होती. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात वर्तुळाकार रचना स्वीकारली गेली, म्हणजे एका बाजूने तंतू तुटला तरी दुसऱ्या बाजूने मार्ग उरतो. खोदकामापूर्वी सूचना देण्यासाठी मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲपही आले. ही पावले योग्य दिशेची आहेत. परंतु वर्तुळ पुरे झाल्यावर गावातील माणसाला उत्तर किती वेळात मिळते हे कोणी मोजणार नसेल, तर खर्चाचे फळ किलोमीटर आणि मेगाबिट यांतच सांगितले जाईल.

भारतीय नियमनात विलंबाचा विचार झालाच नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ऑक्टोबर २००६ मध्ये केलेल्या ब्रॉडबँड सेवेच्या गुणवत्ता विनियमांत आंतरराष्ट्रीय प्रवेशद्वारापर्यंत १२० मिलिसेकंद, आणि परदेशातील जवळच्या विनिमय केंद्रापर्यंत तंतूमार्गे ३५० आणि उपग्रहमार्गे ८०० मिलिसेकंद अशा मर्यादा होत्या. मात्र मोजणीचा आरंभबिंदू ग्राहकाचे घर नव्हता, सेवादात्याचे स्वतःचे केंद्र होता. म्हणजे जेथे रांगा लागतात तो अखेरचा टप्पा मोजणीतून वगळलेला होता. २ ऑगस्ट २०२४ च्या नव्या विनियमांनी, जे त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून लागू झाले, विलंबाचे मानदंड कडक केले आणि जिटरचाही समावेश केला, ही स्वागतार्ह प्रगती होय. पण गुणवत्तेचा नियम आणि सेवेची व्याख्या यांत फरक आहे. गुणवत्तेचा नियम मोडला तर फार तर दंड होतो आणि सेवा ब्रॉडबँडच राहते. व्याख्येची अट पुरी झाली नाही तर ती सेवा ब्रॉडबँड म्हणून विकता येत नाही, ब्रॉडबँड ग्राहकांच्या आकडेवारीत धरता येत नाही आणि ब्रॉडबँडसाठीच्या सार्वजनिक निधीवर हक्क सांगता येत नाही. शासनाच्या मोठ्या उद्दिष्टांची भाषाही अजून वेगाचीच आहे : २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल संप्रेषण धोरणाने प्रत्येक नागरिकाला ५० मेगाबिट देऊ केले आणि राष्ट्रीय ब्रॉडबँड मिशनच्या दुसऱ्या टप्प्याने २०३० पर्यंत १०० मेगाबिटचे लक्ष्य ठेवले.

अमेरिकेचा अनुभव येथे उपयोगी आहे. तेथील संघीय संप्रेषण आयोगाने ग्रामीण जाळ्यांना अनुदान देताना गर्दीच्या वेळच्या शंभरांपैकी पंच्याण्णव मोजण्यांत फेरीचा विलंब १०० मिलिसेकंदांच्या आत असावा अशी अट घातली. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यातून उभ्या राहिलेल्या ब्रॉडबँड कार्यक्रमाने वेगाबरोबर १०० मिलिसेकंदांची मर्यादा कायम ठेवली. आणि एप्रिल २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना प्रत्येक प्लॅनच्या माहितीपत्रकात नेहमीचा विलंब छापणे बंधनकारक झाले. यातील पंच्याण्णवांची अट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ट्रायच्या मोबाइल जाळ्यांच्या ड्राइव्ह टेस्ट अहवालांत विलंबाचा मध्यक दिला जातो, म्हणजे निम्म्या मोजण्या ज्याच्या खाली आणि निम्म्या ज्याच्या वर आहेत तो आकडा. परंतु संभाषण तुटते ते वरच्या निम्म्यातील वाईट क्षणांनी, आणि मध्यक त्या क्षणांविषयी काहीच सांगत नाही.

विलंबाची अट व्याख्येत आणण्यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, जेथे वेगच पोहोचलेला नाही तेथे विलंबाची चर्चा ही चैन आहे. वस्तुस्थिती उलट आहे. कमी वेगाच्या जोडणीत रांग लवकर लागते आणि सावकाश ओसरते, म्हणून विलंबाचा जाच गरिबाच्या जोडणीलाच अधिक होतो. रास्त भावाच्या दुकानात अंगठ्याची पडताळणी, दुकानातील यूपीआय भरणा, ई-संजीवनीवरून डॉक्टरांचा सल्ला या सेवांना शंभर मेगाबिट लागत नाहीत. त्यांना थोडीच माहिती पाठवायची असते, पण ती वेळेत जावी लागते. उत्तर ठरावीक वेळेत आले नाही तर यंत्र प्रयत्न सोडून देते, ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे सांगितले जाते आणि माणूस पुन्हा रांगेत उभा राहतो. अशा प्रत्येक खोळंब्याला जोडणीतील विलंबच कारणीभूत असतो असे नाही, पण तो कितपत आहे हे कळण्यासाठी तरी तो मोजला गेला पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की, सर्व्हर सिंगापूरला किंवा लंडनला असेल तर सेवादात्याने काय करावे. हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच मर्यादा ग्राहकाच्या घरापासून जवळच्या विनिमय केंद्रापर्यंतच, मावळाच्या बाबतीत मुंबईपर्यंत, लावली पाहिजे; समुद्रापलीकडच्या अंतराचा दोष कोणाच्याही माथी मारण्याचे कारण नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आंदर मावळातील एखाद्या डोंगरवाडीत तंतू पोहोचणे अवघड असेल आणि भूस्थिर उपग्रह हाच तात्पुरता आधार असेल, तर कडक मर्यादेमुळे त्या वाडीला जे मिळते तेही जाईल का? उत्तर असे की, अशा जोडणीला मनाई करू नये, पण तिला वेगळ्या नावाने आणि वेगळ्या वर्गात नोंदवावे, म्हणजे उपग्रहाची जोडणी दिली की वाडीचे काम झाले असे कागदोपत्री म्हणता येणार नाही. सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या सेवेला असा वेगळा वर्गही बहुधा लागणार नाही, कारण त्या उंचीपर्यंत जाऊन येण्यास प्रकाशाला काही मिलिसेकंदच लागतात. तंत्रज्ञान कोणते हे न पाहता परिणाम पाहणारी मर्यादा हा याच कारणाने न्याय्य मार्ग ठरतो.

यावरून धोरणातील बदलाचे स्वरूप निश्चित करता येते. ब्रॉडबँडच्या व्याख्येत किमान वेगाबरोबर कमाल विलंब लिहावा. तो ग्राहकाच्या घरापासून जवळच्या विनिमय केंद्रापर्यंत, संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत मोजावा. शंभरांपैकी पंच्याण्णव मोजण्या मर्यादेत असाव्यात, आणि ती मर्यादा रिकाम्या जोडणीसाठी ५० व भरलेल्या जोडणीसाठी १०० मिलिसेकंद असावी. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण रिकाम्या जोडणीवर घेतलेली चाचणी बफरची सूज लपवते. याला जोडून, कंपन्यांनी पुरवलेल्या मोडेममध्ये रांग आवरणारी पद्धत असणे बंधनकारक करावे, भारतनेटसारख्या योजनांची देयके विलंबाच्या मोजणीशी बांधावीत, आणि प्रत्येक प्लॅनच्या जाहिरातीत वेगाइतक्याच अक्षरांत विलंब छापायला लावावा. गावोगावच्या छोट्या केबल व्यावसायिकांवर याचा बोजा पडेल हे खरे, परंतु यातील सर्वांत परिणामकारक उपाय सॉफ्टवेअरचा आहे, तंतू पुन्हा टाकण्याचा नाही. त्यांना दोन वर्षांची मुदत देणे पुरेसे होईल.

मिलिसेकंदांचे मोल मुंबईला नवे नाही. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या इमारतीतच आपला सर्व्हर ठेवता यावा म्हणून दलाल कंपन्या भाडे मोजतात, आणि त्या सुविधेत सर्वांना समान संधी मिळाली की नाही या प्रश्नावर एप्रिल २०१९ मध्ये सेबी या शेअर बाजाराच्या नियामकाला आदेश काढावा लागला. व्यापाऱ्याच्या मिलिसेकंदांसाठी नियामक चौकशी करतो, तर त्याच तंतूवर १६० किलोमीटर अलीकडे बसलेल्या विद्यार्थ्याचा, रुग्णाचा आणि शिधापत्रिकाधारकाचा पूर्ण सेकंद हिशेबाबाहेर राहण्याचे समर्थन करता येत नाही. २०२३ ची व्याख्या अंतिम नाही. मागच्या दोन व्याख्यांप्रमाणे तीही बदलली जाईल. त्या वेळी केवळ २ चा आकडा वाढवून काम संपवू नये. दूरसंचार विभागाने पुढच्या अधिसूचनेत विलंबाची ओळ घालावी, आणि ट्रायने त्यासाठी सल्लामसलतपत्र काढले की ग्राहक संघटनांनी, महाविद्यालयांनी आणि ग्रामपंचायतींनी आपापल्या गावातील संध्याकाळच्या मोजण्या घेऊन त्यावर लेखी म्हणणे मांडावे.